अख्ख्या इमारतीचं पाकीट

सोमवार, ३

माझं कपाट बाहेरच्या दाराजवळच्या बोळात नेऊन ठेवलंय. न विचारता. सकाळी दूध घेऊन वर आले तर कपाटाच्या जागी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली तारांचं जंजाळ आणि तारांच्या मागे आमचे चिरंजीव, जणू काही तिथे पहिल्यापासून टेबलच होतं. आता माझे कपडे येणारेजाणारे बघतात. बाहेरचं दार उघडायचं तर आधी कपाटाला खांदा द्यावा लागतो.

असो. नमस्कार. ही वही सूनबाईने दिली आहे, औषधं कधी घेतली ते लिहायला. औषध मी घेते तेव्हा ते माझ्याच घशातून खाली जातं, मला कळतं. म्हणून वहीत दुसरं लिहिणार आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. मग लग्न करून दिलं आणि सासरच्या तेलाच्या दुकानात बसवलं. अक्षर वाचवत नसेल तर वाचू नका, कोणी बोलावलं नव्हतं.

चिरंजीवांनी नोकरी सोडून कंपनी काढली आहे. कंपनीत माणूस एकच, ते स्वतः. बँकेचं कार्ड असतं ना, पाठीवर काळी पट्टी असलेलं, ते खिशात घेऊन हिंडायचं नाही म्हणे. पट्टीत जे काय असतं ते मोबाईलमध्ये घ्यायचं आणि दुकानात मोबाईल पुढे करायचा. एवढ्यासाठी माझं कपाट बोळात.

खरी गोष्ट जेवताना बाहेर आली. महिनाअखेरीला एक बडा पाहुणा येणार, कंपनीत पैसे घालायचे का ते बघायला. त्याने हो म्हटलं की खोलीत आणखी टेबलं लागणार. मग माझी रवानगी लेकीकडे. तिकीटसुद्धा काढून झालंय, ३१ तारखेचं. लेकीचं घर मला माहीत आहे. तिथे सोफ्यावर कुत्रा झोपतो आणि मला कपडे धुवायच्या मशीनशेजारी खाट मिळते. मशीन सुरू झालं की खाट चालायला लागते. मागच्या खेपेला डोळा लागला तेव्हा भिंतीशी होते, उठले तेव्हा दाराशी.

मला जायचं नाही. पण मला कोणी विचारलंच नाही, त्यामुळे नाही म्हणायचं ते कोणाला, हा प्रश्न आहे.

बुधवार, ५

चिरंजीवांची गाडी अडली आहे. पाहुणा येण्याआधी त्यांचं यंत्र पाच-सहा माणसांनी वापरून दाखवायला हवं. इमारतीत दारं वाजवून आले, एकानेही कार्ड दिलं नाही. देतील कसे. जिन्यात समोर कोणी दिसलं की हे मोबाईलमध्ये तोंड खुपसतात. ज्याने कधी मान वर करून बघितलं नाही त्याच्यापुढे कोण पाकीट उघडेल.

मी म्हटलं, कार्डं मी आणते, पण माझी खाट इथून हलायची नाही. ते म्हणाले, “बघू.” हा त्यांच्या वडिलांचा शब्द. दोघांचाही अर्थ नाही असाच, पण चिरंजीव म्हणताना जरा खाली बघत होते.

मग मला शिकवलं. एक जुना मोबाईल, त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढी डबी चिकटवलेली. डबीला फट आहे. फटीतून कार्ड ओढायचं, टुक वाजलं की झालं. पुढे दुकानातल्या मशीनजवळ मोबाईल धरला की डबी आतल्या आत काहीतरी सोडते आणि मशीनला वाटतं कार्डच ओढलं. चिठ्ठी बाहेर येते, त्यावर कार्डाच्या मालकाने सही करायची. अशी डबी एकच आहे. दुसरी करायला पैसे हवेत आणि पैसे पाहुण्याच्या खिशात.

दोनदा सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, यात न समजण्यासारखं काय आहे. जन्मभर हेच केलं, मोठ्या डब्यातलं लोकांच्या बाटल्यांत.

गुरुवार, ६

आधी माझं कार्ड घातलं. टुक. मग कोपऱ्यावरच्या पाववालीकडे गेले. मोबाईल तिच्या मशीनजवळ धरला तर चिठ्ठी आपोआप बाहेर आली. पाववाली दोन पावलं मागे सरली. तिने विचारलं, “कार्ड कुठंय?” मी म्हटलं, “आत गेलं.” तिने पाव नेहमीपेक्षा गरम दिला, भीतीने असेल.

घरी येऊन खिळा आणि हातोडी काढली आणि कार्डाच्या काळ्या पट्टीवर दोन भोकं पाडली. आमच्या धंद्यातला पहिला नियम. डबा रिकामा झाला की तो तसाच उभा ठेवायचा नाही, लगेच भोकं पाडायची. नाहीतर कोणी लबाड तो उचलतो, आत भलतंसलतं तेल भरतो आणि आपल्या नावावर खपवतो. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे. नंतर काही शिकवल्याचं आठवत नाही.

कार्ड फारच मऊ. डब्याला कसा आवाज यायचा. इथे नुसतं टप.

सोमवार, १०

चार घरं फिरले. माझ्या तोंडावर कोणी दार लावलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण, तिच्या समोरचा प्लंबर, आमच्या शेजारचं नवं जोडपं, जे सध्या एकमेकांशी बोलत नाही, आणि तळमजल्यावरचे घड्याळजी. सगळ्यांनी कार्डं दिली. कंपनीचं काम आहे, नंतर परत देते, असं सांगितलं. म्हणजे मोबाईलमधून परत, असं मला म्हणायचं होतं. रिकामा डबा काय गिऱ्हाइकाला द्यायचा असतो का.

कार्डं आत गेल्यावर मोबाईलमध्ये सगळी इंग्रजीत दिसायला लागली. मला ती अक्षरं लागत नाहीत. चिरंजीव म्हणाले, प्रत्येकापुढे फोटो लाव. माणसांचे फोटो काढायचे म्हणजे केस विंचरा, मान वळवा, तासभर जातो. म्हणून दाराबाहेरच्या चपला-बुटांचे काढले. ते गप्प उभे असतात. डॉक्टरणीच्या पांढऱ्या सपाता, प्लंबरचे रबरी बूट, जोडप्याचे दोन जोड एकमेकांकडे पाठ करून, आणि घड्याळजींचे काळे बूट, तळवा नवा, वरचं कातडं म्हातारं.

घड्याळजी सगळ्यात शेवटी, ते स्वतःच कार्ड घेऊन वर आले. ह्यांचे मित्र. लोक मोबाईलवर वेळ बघायला लागल्यापासून त्यांचं दुकान बंद. त्यांचं कार्ड ओढलं, टुक झालं, मी हातोडी उचलली. बाकीच्यांची कार्डं टोचून टेबलावर पडलीच होती. त्यांनी ती पाहिली. विचारलं, “वहिनी, ही भोकं कशाला?” मी रिकाम्या डब्याचा नियम सांगितला. त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं. मग आपलं कार्ड उचलून खिशात घातलं आणि म्हणाले, “माझं राहू दे. आठवण म्हणून.”

रिकाम्या कार्डाची आठवण. एकटं राहून माणूस असा होतो.

मंगळवार, ११

टोचलेली कार्डं दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगली. वाऱ्याने फिरतात, चकाकतात, आणि कबुतरं एकदम बंद. सूनबाईने कबुतरांसाठी जाळी बसवायचं काढलं होतं. तिचा खर्च वाचवला. आभार मानले नाहीत.

बुधवार, १२

डॉक्टरीण दुपारी कार्ड मागायला आली. मी गॅलरीकडे बोट केलं. तिचं कार्ड नेमकं तेव्हा गोल गोल फिरत होतं. तिने विचारलं, हे काय. मी म्हटलं, रिकामं झालं ना. ती म्हणाली, रिकामं म्हणजे. मी तिला तेलाचं सगळं नीट समजावलं. ती बोळात माझ्या कपाटाला टेकून उभी राहिली.

मग प्लंबर आला, मग जोडपं आलं, दोघं वेगवेगळे. मग चिरंजीव खोलीतून बाहेर आले, त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं आणि खालीच बसले. म्हणाले, आई, कार्ड रिकामं होत नसतं, ते जसंच्या तसं राहतं, मोबाईलमध्ये नुसती नक्कल येते. मी म्हटलं, “म्हणजे एकाचे दोन होतात? असं होत असतं तर तेलाचं दुकान बुडलं कशाला असतं?” कंपनी काढली म्हणून सगळं कळतं असं नाही.

बँकेत फोन झाले. नवी कार्डं महिनाअखेरीला येणार. तोपर्यंत सगळ्यांचं सगळं माझ्या मोबाईलमध्ये. चिरंजीव म्हणाले, मोबाईल माझ्याकडे दे, मी लोकांबरोबर दुकानात जातो. मग डॉक्टरीणच म्हणाली, “नको, आजीच बऱ्या.”

शनिवार, १५

पाय दुखतात. ज्याची खरेदी त्याची सही लागते, आणि मोबाईल माझा, म्हणजे प्रत्येक खरेदीला दोघं. सकाळी प्लंबरबरोबर पाव, मग डॉक्टरणीबरोबर कापूस आणि हातमोजे, संध्याकाळी जोडपं. लोक जिन्यात पायऱ्यांवर बसून राहतात, मी आले की उठतात. चिरंजीवांना आपल्याच घरात शिरायला “जरा सरकता का” म्हणावं लागतं. आता तरी लोकांशी बोलतात.

डबा माझ्या हातात म्हणजे माप माझं. प्लंबरच्या सिगारेटला मी मोबाईल लावत नाही. तो दुकानदारासमोर पाया पडला, तरी नाही. जोडप्याचं कार्ड एकाच खात्याचं, म्हणून मी नियम केला की दोघांनी हो म्हटल्याशिवाय मोबाईल खिशातून निघणार नाही. काल आरशाच्या दुकानात ती म्हणाली, ह्यांना सांगा मला आरसा हवाय. तो म्हणाला, तिला सांगा घरात दोन आहेत. मी म्हटलं, मी तेल विकायचे, निरोप नाही. दुकानदाराने आम्हाला बसायला स्टूल दिलं. शेवटी दोघं थेट भांडले, चांगले खणखणीत. आरसा घेतला नाही, येताना एकच आइस्क्रीम दोघांत खाल्लं. मोबाईल मीच लावला.

सूनबाई विचारत होती, पाय दुखत असतील तर आधीच जाता का लेकीकडे. मी म्हटलं, आणि लोक उपाशी राहू देत का.

सोमवार, १७

प्लंबर पाववालीकडे चकचकीत तपकिरी बूट घालून आला. मी मोबाईलमध्ये बघितलं, असे बूट कोणाचेच नाहीत. पैसे दिले नाहीत. तो म्हणाला, आजी, मी तोच आहे, रोज भेटतो. मी म्हटलं, तोंड ओळखते, पण मोबाईलमध्ये तोंड नाही. पाववालीही माझ्या बाजूने. घरी जाऊन रबरी बूट घालून आला तेव्हा पाव दिला. चिडला होता. एवढ्या लोकांचं ज्याच्याकडे आहे त्याने मऊ राहून चालत नाही.

गुरुवार, २०

आता घड्याळजींचं सांगते. हा माणूस रोज येतो आणि रोज एकच वस्तू घेतो. एक साबण. सोमवारी साबण, मंगळवारी साबण, बुधवारी काडेपेटी घेऊ म्हणाले, दुकानात गेल्यावर साबण. मी म्हटलं, एकदाच काय ते लिहून आणा, एका फेरीत घेऊ. म्हणाले, “विसरतो, वहिनी.” अख्ख्या गावाच्या घड्याळांचे चिमटीत न सापडणारे काटे ह्यांच्या लक्षात राहायचे आणि साबण विसरतात.

साबणाचं दुकान समोरच आहे. पण ते बागेला वळसा घालून नेतात. तिकडून ऊन लागत नाही म्हणे. बाकावर दोन मिनिटं टेकायचं, कारण माझे पाय दुखतात. माझे पाय दुखतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. परवा त्यांनी ह्यांची एक गोष्ट सांगितली, ह्यांनी घड्याळ दुरुस्तीला देऊन महिनाभर नेलंच नाही, रोज नुसते येऊन विचारायचे चालतंय का आणि तासभर बसायचे. मला वाटायचं हे वसुलीला जातात.

अंगातून मात्र साबणाचा वास फार येत नाही त्यांच्या. एवढा साबण करतात काय कोण जाणे.

शुक्रवार, २१

औषधवाल्याकडे गेले तर पुढे घड्याळजी उभे, पाठमोरे. खोकल्याचं औषध घेत होते आणि मशीनमध्ये चक्क ते रिकामं कार्ड ओढत होते. आणि मशीनने चिठ्ठी दिली. मी तिथल्या तिथे औषधवाल्याला सांगितलं, तुझं मशीन बिघडलंय, रिकाम्या कार्डावर माल देतोय, अशाने दुकान जाईल. औषधवाला माझ्याकडे बघतो, घड्याळजींकडे बघतो. घड्याळजी कानापर्यंत लाल. बिचाऱ्यांना वाटलं असेल चोर ठरवतील. मी म्हटलं, चूक तुमची नाही, मशीनची आहे.

जाताना विचारलं, आज साबण नको का. म्हणाले, हवाय ना.

सोमवार, २४

पाहुणा आला. घट्ट कोट, टोकदार बूट. मला सांगितलं होतं, बोळात कपाटाशेजारी बसायचं, बोलायचं नाही. बसले. पण डबी माझ्या खिशात, त्यामुळे पाच मिनिटांत बोलावणं आलं.

पाहुण्याने आपलं कार्ड काढून दिलं. मी ओढलं, टुक वाजलं. त्यांना म्हटलं, एक बूट काढा. ते हसले, काढला. मी टेबलावर ठेवून फोटो घेतला. चिरंजीव एकीकडे सांगत होते की पुढच्या काही वर्षांत जगातल्या कोणाच्याच खिशात कार्ड राहणार नाही. तेवढ्यात मी खणातून खिळा-हातोडी काढली आणि पाहुण्याच्या कार्डाला दोन भोकं पाडली. मुद्दाम नाही. टुक वाजलं की हात आपोआप खणाकडे जातो.

चिरंजीव पुढच्या काही वर्षांतच अडकून पडले. पाहुण्याने एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत कार्ड उजेडात धरलं आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

दुसरं कार्ड त्यांच्याकडे नव्हतं. मग मला त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसावं लागलं. टॅक्सीचे मी दिले. हॉटेलचे मी दिले. हॉटेलच्या मुलीने विचारलं, हे तुमचे कोण. मी म्हटलं, कोणी नाही, पण हे माझ्या मोबाईलमध्ये आहेत. मग फोटोशी जुळवायला त्यांना पाय वर करायला लावला. हॉटेलात सगळे बघत होते, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी दुसरी कॉफी मागवली तेव्हा मी मान हलवली, त्यांनी कप परत केला.

मंगळवार, २५

सकाळी पुन्हा हॉटेलात जाऊन पाहुण्याचा हिशेब मिटवला, त्यांना गाडीत बसवलं. वाटेत त्यांनी खरं सांगितलं. यंत्र हुशारीचं आहे, पण पट्टीचे दिवस भरले. बँका आता कार्डावर पट्टीच ठेवणार नाहीत. मी म्हटलं, हे माहीत होतं तर आलात कशाला. म्हणाले, आधी खात्री नव्हती. मी म्हटलं, माझ्या मुलाला हे कोण सांगणार. ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे मी.

घरी येऊन चिरंजीवांना सरळ सांगितलं. आडवळणाने सांगितलं असतं तर लांबलं असतं. ते टेबलाशी बसून दिवा लावायचे, विझवायचे. मी पाव ठेवला. खाल्ला नाही. मग मी तिथेच बसले, खुर्ची नव्हती म्हणून खाटेवर. नंतर खाल्ला. म्हणाले, “आई, तू सगळ्यांची कार्डं फोडली नसतीस तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, “पट्टी मी बंद केली नाही.” हसले थोडे. लहानपणी तेल सांडलं की असेच हसायचे.

गुरुवार, २७

नवी कार्डं आली. मागे काळी पट्टी नाही, नुसती कोरी पाठ. डॉक्टरीण दाखवायला आली, जाताना एक दातांचा ब्रश देऊन गेली. प्लंबर तपकिरी बूट घालून आला, मुद्दाम. जोडपं एकत्र आलं.

आज सकाळी नेहमीप्रमाणे मोबाईल चार्जरवर भरून, चपला घालून बसले. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. चांगलं झालं, कटकट गेली. बराच वेळ बसल्यावर चपला काढून ठेवल्या.

टेबल आता मोकळं आहे, तर मला वाटलं कपाट आत येईल. पण नाही. कंपनीत गेलेले पैसे भरून काढायला खोली भाड्याने द्यायची असं सूनबाईने ठरवलंय. तिकीट आहे तसंच आहे. सूनबाई वाईट नाही, हे सांगताना माझी पिशवी मात्र तिने स्वतः झटकून ठेवली.

दुपारी दार वाजलं. घड्याळजी. “वहिनी, साबण.”

मी म्हटलं, तुमचं नवं कार्ड कुठंय. म्हणाले, आलं नाही. सगळ्यांचं आलं आणि एकट्या म्हाताऱ्याचं आलं नाही. माझं डोकंच फिरलं. उद्या त्यांना घेऊन बँकेत जाते.

शुक्रवार, २८

बँकेत ते येतच नव्हते. आज ऊन आहे, आज गर्दी असेल, आज राहू दे. दंडाला धरून नेलं.

खिडकीतल्या माणसाला म्हटलं, ह्यांना नवं कार्ड का पाठवलं नाही, एकटे आहेत म्हणून फसवता का. त्याने कार्ड मागितलं. घड्याळजींनी खिशातून हळूच काढलं. माणसाने ते मशीनमध्ये घातलं, बघितलं आणि म्हणाला, हे चालू आहे. मी म्हटलं, रिकामं आहे. तो म्हणाला, बाई, हे बंद कधीच नव्हतं, ह्याच महिन्यात औषधवाल्याकडे चाललंय, शिंप्याकडे चाललंय. मी म्हटलं, परत बघ. त्याने परत बघितलं.

मी घड्याळजींकडे वळले. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “चालतंय हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.”

“मग रोज साबण?”

“घरी कपाटभर आहे.”

मागच्या माणसाने विचारलं, झालं का तुमचं. मी म्हटलं, नाही.

पण तो खिडकीशी घुसलाच, म्हणून बाहेर आलो. पायऱ्यांवर ते थांबले. म्हणाले, तुमच्या खोलीतलं टेबल मोकळं आहे असं ऐकतो. दिवा चांगला आहे. माझ्या खोलीत उजेड येत नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात त्यांच्याकडे येणाऱ्यांची जुनी घड्याळं घरी बंद पडून असतात. सूनबाईंना भाडेकरू हवाच आहे. दिवसा मी टेबलाशी, संध्याकाळी खाली.

“आणि मी?”

“तुम्ही आपल्या खोलीत. गिऱ्हाईक घड्याळ टाकून जातं आणि न्यायला येत नाही. त्याला दम कोण देणार?”

मी म्हटलं, “बघू.”

कार्ड रिकामं नव्हतं यावर माझा अजून विश्वास नाही. मुळात जास्त भरलेलं असणार, तळाला थोडं राहिलं असेल. डब्यातही राहतं. आम्ही डबा उपडा ठेवायचो.

रविवार, ३०

सूनबाईला मीच सांगितलं. भाडेकरू असा की संध्याकाळी आपल्या घरी जातो, स्वयंपाकघरात येत नाही, आणि खोलीत म्हातारी असली तर तक्रार करत नाही. असा दुसरा शोधून दाखव म्हटलं. ती विचारात पडली. घड्याळजी म्हणाले, पहिल्या महिन्याचं थोडं भाडं साबणात दिलं तर चालेल का. तिने नको म्हटलं, पण हसली. मग म्हणाली, चार वड्या द्या.

प्लंबर आणि जोडप्यातला तो, दोघांनी मिळून कपाट आत आणलं. चिरंजीवांनी दुसरी बाजू धरली आणि उघड्या दारातून जिन्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारली. त्यांना जुन्या नोकरीवर परत बोलावलंय. डबी घड्याळजींनी मागून घेतली, उघडून आत बघतात, बघून झालं की चिरंजीवांना विचारतात. दोघांची डोकी दिव्याखाली. दोऱ्यातली कार्डं गॅलरीतच राहू देणार. कबुतरांना अजून माहीत नाही की पट्टी संपली.

उद्याचं तिकीट वाया गेलं. सकाळी लेकीचा फोन येणार, आई गाडीत बसली का म्हणून. तो सूनबाईने उचलायचा नाही, चिरंजीवांनी उचलायचा नाही, मीही उचलणार नाही, मी कपाट लावत असेन. घड्याळजींनी उचलायचा. आई येत नाही एवढंच सांगायचं. तिने कारण विचारलं तर तेही त्यांनीच द्यायचं. रोजरोज साबण त्यांनी घेतलेत, मी नाही.